इच्छा शाबूत, सुरुवात हरवलेली : १९८२ मधील एका रुग्णाचा अभ्यास

जुलै १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील सांता क्लारा व्हॅली मेडिकल सेंटरमध्ये ४२ वर्षांच्या एका पुरुषाची तपासणी झाली. रुग्ण जागा होता, पण बोलत नव्हता. डोळे उघडे होते, पण चेहऱ्यावर भाव उमटत नव्हता. अंग ताठरले होते आणि ज्या स्थितीत ठेवावे त्याच स्थितीत तो राहत होता. थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत हा माणूस सर्वसामान्यपणे चालत-बोलत होता. इतक्या अल्पावधीत, कोणतीही इजा किंवा ताप नसताना, एखाद्याचे सगळे व्यवहार थांबावेत याचे स्पष्टीकरण मज्जासंस्थेच्या परिचित आजारांत सापडत नव्हते. त्यामुळे पहिला संशय मनोविकाराकडे, म्हणजे काही मानसिक आजारांत दिसणाऱ्या कॅटॅटोनिया या ताठर स्तब्धतेकडे गेला.

मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम लँगस्टन आणि त्यांचे सहकारी यांना मात्र रुग्णाच्या बोटांत अगदी बारीक, पण हेतुपुरस्सर वाटणारी हालचाल दिसली. त्यांनी त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि कागद पुढे केला. अतिशय संथपणे त्याने जे लिहिले त्याचा आशय असा होता की, आपल्याला काय होते आहे ते समजत नाही, काय करायचे ते मनात ठाऊक आहे, पण ते नीटपणे बाहेर येत नाही. रुग्णाचे म्हणणे हे एरवी केसपेपरवरच्या पूर्वेतिहासाच्या रकान्यात जाते. येथे तेच निदानाचा सर्वांत मोठा पुरावा ठरले. ज्याला आपली इच्छा आणि आपली कृती यांच्यामधली दरी इतक्या नेमकेपणाने सांगता येते, त्याची इच्छाशक्ती लोपलेली नाही. त्याचे आकलन, भाषा आणि अक्षरे क्रमाने जुळवण्याची क्षमता शाबूत आहे. शिवाय अक्षरे उमटली, त्या अर्थी स्नायू आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारे चेतातंतूही चालू आहेत. मग बिघाड उरतो तो या दोन टोकांच्या मधल्या जागी, जेथे ‘करायचे आहे’ या अवस्थेचे ‘करतो आहे’ या अवस्थेत रूपांतर होते.

या मधल्या जागेविषयी बोलणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे प्रकरण वैद्यकाच्या इतिहासात कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराच्या, कारणांचा शोध लावणारे प्रकरण म्हणून गाजले आणि ते योग्यच आहे. परंतु कृतीची सुरुवात मेंदूत कशी होते आणि ती नेमकी केव्हा होते, या प्रश्नासाठीही ते तितकेच मोलाचे आहे, असे मला वाटते. कारण येथे निसर्गाने नव्हे, तर एका रासायनिक अपघाताने, इतर बहुतेक सारे जागच्या जागी ठेवून, एकच दुवा काढून टाकला होता.

विषाचा माग

निदानाची वाट थोडक्यात सांगतो. सॅन होजेमधील या रुग्णाच्या मैत्रिणीतही तशीच लक्षणे दिसली. दक्षिणेकडच्या वॉटसनव्हिल गावातील दोन भावांचीही तीच अवस्था झाल्याचे दुसरे मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स टेट्रूड यांच्याकडून कळले. या सर्वांना जोडणारा धागा एकच होता. त्यांनी अवैध बाजारात ‘नवे हेरॉइन’ म्हणून विकले जाणारे एक कृत्रिम द्रव्य शिरेतून टोचून घेतले होते. बनवणाऱ्याला पेथिडिन या वेदनाशामकाच्या जवळचे एमपीपीपी नावाचे रसायन तयार करायचे होते. रासायनिक क्रियेत तापमान किंवा आम्लता बिघडली की त्याऐवजी एमपीटीपी हा उपपदार्थ तयार होतो. रुग्णांनी वापरलेल्या पुडीत मुख्यतः हाच उपपदार्थ होता आणि मूळ रसायन नावापुरतेच.

धागा लवकर हाती लागण्याचे कारण १९७९ सालचा एक शोधनिबंध होता, जो फारसा कोणी वाचला नव्हता. मेरीलँडमधील रसायनशास्त्राच्या २३ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने १९७६ मध्ये स्वतःसाठी हेच द्रव्य बनवले होते आणि घाईत क्रिया उरकल्यानंतर काही दिवसांतच तो कंपवाताच्या रुग्णासारखा थिजला होता. पुढे त्याचा मृत्यू झाल्यावर केलेल्या तपासणीत त्याच्या मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातील पेशी नष्ट झाल्याचे आढळले. तेव्हाच्या संशोधकांनी हे द्रव्य प्रयोगशाळेतील मोठ्या उंदरांना टोचून पाहिले, पण उंदरांवर टिकाऊ परिणाम झाला नाही आणि प्रकरण तेथेच थांबले. ही उंदरांची जात या विषाला बरीचशी दाद देत नाही, हे नंतर कळले. चुकीचा प्राणी निवडल्यामुळे बरोबर निष्कर्ष काही वर्षे अडून राहावा, असे विज्ञानात वाटते त्यापेक्षा अधिक वेळा घडते.

लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी फेब्रुवारी १९८३ मध्ये चार रुग्णांची हकिकत ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. विषाची कार्यपद्धती पुढच्या काही वर्षांत उलगडली. एमपीटीपी मेंदूत सहज शिरते, तेथे एमएओ-बी या विकरामुळे त्याचे एमपीपी-प्लस या घातक रूपात परिवर्तन होते आणि डोपामिन हे पेशींमधील संदेशवाहक रसायन परत शोषून घेणाऱ्या वाहक प्रथिनाच्या दारातूनच हे रूप डोपामिन बनवणाऱ्या पेशींच्या आत शिरते. आत गेल्यावर ते पेशीची ऊर्जानिर्मिती बंद पाडते. म्हणजे विष पेशीला ओळखते ते तिच्याच व्यवसायाच्या खुणेवरून. म्हणूनच मेंदूतील हजारो प्रकारच्या पेशींमधून त्याने मुख्यतः एकाच गटाचा नाश केला.

टाच मारणे नव्हे, लगाम सैल सोडणे

सबस्टॅन्शिया नायग्रातील या पेशी स्वतः कोणताही स्नायू हलवत नाहीत. त्यांचे तंतू मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायटम या केंद्रकाकडे, म्हणजे पेशींच्या पुंजक्याकडे, जातात आणि तेथे डोपामिन सोडतात. स्ट्रायटम हा बेसल गँग्लिया या केंद्रकसमूहाचा प्रवेशमार्ग आहे. मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थराकडून, म्हणजे बाह्यकाच्या जवळजवळ सर्व भागांकडून, येणारे संदेश येथे दाखल होतात. समूहाचे बाहेर पडण्याचे दार म्हणजे ग्लोबस पॅलिडसचा अंतर्भाग आणि त्याला जोडून असलेला सबस्टॅन्शिया नायग्राचा जाळीदार भाग. या बहिर्द्वारावरील पेशींचे वर्तन प्रथमदर्शनी विचित्र वाटते. जागृत माकड स्वस्थ बसलेले असतानाही त्या सेकंदाला साधारण ६० ते ८० आवेग सोडत राहतात, आणि त्यांचा प्रत्येक आवेग निरोधक असतो. त्या थॅलॅमसला, म्हणजे बाह्यकाकडे संदेश पोहोचवणाऱ्या केंद्राला, आणि मेंदूच्या बुंध्यातील चालक केंद्रांना अखंड दाबून ठेवतात.

येथेच आपल्या नेहमीच्या कल्पनेला धक्का बसतो. हालचाल सुरू होणे म्हणजे शांत यंत्राला कोणीतरी धक्का देणे, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात येथे घोडा आधीपासूनच जोर लावून उभा आहे आणि लगाम घट्ट खेचलेला आहे. सुरुवात टाच मारल्याने होत नाही, तर लगाम क्षणभर सैल सोडल्याने होते. ओकिहिदे हिकोसाका आणि रॉबर्ट वुर्ट्झ यांनी १९८३ मध्ये माकडांच्या डोळ्यांच्या झेपेबाबत हे स्वच्छ दाखवले. नजर एका बिंदूवरून दुसऱ्यावर जाण्याच्या किंचित आधी सबस्टॅन्शिया नायग्राच्या जाळीदार भागातील पेशी बोलायच्या थांबतात, त्या विरामात डोळे हलवणारे केंद्र मोकळे होते आणि नजर झेप घेते. सॅन होजेच्या रुग्णांवर चर्चा चालू होती त्याच वर्षी हे निबंध निघाले, हा निव्वळ योगायोग. पण दोन्ही एकत्र ठेवून वाचले तर रुग्णाच्या त्या लिखाणाचा अर्थ लागू लागतो.

लगाम सैल कोण करतो? स्ट्रायटममधून बहिर्द्वाराकडे जाणारे दोन मार्ग आहेत. थेट मार्गातील पेशींवर डोपामिनचा संदेश टिपणारे डी-१ प्रकारचे ग्राहक असतात. त्या उत्तेजित झाल्या की बहिर्द्वाराला दाबतात आणि थॅलॅमस मोकळा होतो. आडमार्गातील पेशींवर डी-२ प्रकारचे ग्राहक असतात. त्यांचा संदेश पॅलिडसचा बाह्यभाग आणि सबथॅलॅमिक केंद्रक असा वळसा घेऊन शेवटी बहिर्द्वाराचा जोर वाढवतो. डोपामिन पहिल्या मार्गाला बळ देते आणि दुसऱ्याला आवर घालते, म्हणजे दोन्हीकडून ते लगाम सैल होण्याच्याच बाजूने काम करते. डोपामिन गेले की थेट मार्ग दुबळा होतो, आडमार्ग मोकाट सुटतो, सबथॅलॅमिक केंद्रक चेकाळते आणि बहिर्द्वार थॅलॅमसला अधिकच दाबून धरते. रॉजर आल्बिन, ॲन यंग व जॉन पेनी यांनी १९८९ मध्ये आणि त्याच सुमारास मॅलन डीलाँग यांनी मांडलेल्या या चित्राची कसोटी घेण्याचे साधनही याच विषाने पुरवले. १९९० मध्ये हागाई बर्गमन, थॉमस विचमन आणि डीलाँग यांनी एमपीटीपीने थिजलेल्या माकडांचे सबथॅलॅमिक केंद्रक निकामी केले, आणि माकडे पुन्हा हलू लागली. नष्ट झालेल्या डोपामिन पेशी परत आलेल्या नव्हत्या. केवळ लगामावरचा जादा ताण काढला होता. कंपवाताच्या रुग्णांच्या सबथॅलॅमिक केंद्रकात विद्युताग्र बसवण्याचे जे उपचार पुढे ग्रेनोबल येथे अलिम-लुई बेनाबिद यांच्या चमूने सुरू केले, त्यांना या प्रयोगाचा मोठा आधार होता.

हे चित्र सोयीचे आहे, पण ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. थेट मार्ग म्हणजे ‘जा’ आणि आडमार्ग म्हणजे ‘थांब’ असे मानले, तर कृती सुरू होताना पहिला जागा व्हावा आणि दुसरा झोपावा. रुई कोस्टा यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये लहान उंदरांत दोन्ही मार्ग स्वतंत्रपणे मोजले, तेव्हा कृतीच्या आरंभी दोन्ही एकाच वेळी सक्रिय होताना दिसले. याचा मला पटणारा अर्थ असा की, एक विशिष्ट हालचाल मोकळी करताना तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या अनेक हालचालींना त्याच क्षणी रोखावे लागते. दुसरी अडचण शस्त्रक्रियेतून पुढे आली. पॅलिडसच्या अंतर्भागाचा छोटा अंश निकामी केला तर, वरील हिशेबाने, लगाम आणखी सैल होऊन अनावश्यक हालचाली वाढायला हव्यात. प्रत्यक्षात औषधामुळे होणाऱ्या अशा हालचाली त्याने कमी होतात. म्हणजे प्रश्न लगाम किती ताणला आहे एवढाच नाही. हाताच्या कंपाने तो कसा हिसकला जातो आहे, याचाही आहे. डोपामिनविना राहिलेल्या सबथॅलॅमिक केंद्रकात सेकंदाला साधारण १३ ते ३० आवर्तनांची एक हटवादी लय आढळते. निरोगी मेंदूत हालचालीपूर्वी ही लय विरते. कंपवातात ती पुरेशी विरत नाही आणि औषधाने उतरते. सगळ्या पेशी एकाच ठेक्यात अडकल्या, की वेगळे काही सांगायला जागाच उरत नाही.

‘कोणती’ नव्हे, ‘केव्हा’

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. रुग्णाला काय करायचे ते ठाऊक होते. म्हणजे कृतीची निवड झाली होती, आराखडा तयार होता. हरवला होता तो तिचा क्षण.

डोपामिन पेशींची शरीररचनाच सुचवते की, त्या ‘कोणती कृती’ हे सांगण्यासाठी घडलेल्या नाहीत. मोठ्या उंदरातील एकेका डोपामिन पेशीच्या तंतूचा माग काढणाऱ्या अभ्यासात असे दिसले, की एकच पेशी स्ट्रायटममधील हजारो, सरासरीने पाऊण लाखाच्या घरात, पेशींपर्यंत पोहोचते. इतका विस्तृत पसारा असलेला आवाज डाव्या करंगळीचा आणि उजव्या घोट्याचा वेगवेगळा निरोप देऊ शकत नाही. दवंडी पिटणाऱ्याला घरोघरी वेगळा मजकूर सांगता येत नाही; तो सगळ्या गावाला एकच गोष्ट सांगतो. डोपामिनची दवंडी कोणत्या कृतीविषयी नसून, कृती करण्यास आता किती अनुकूल काळ आहे याविषयी असावी, असे मानण्यास यामुळे आधार मिळतो.

गेल्या दशकातील प्रयोगांनी हा अंदाज बराच टोकदार केला आहे. कोस्टा यांच्याच चमूने २०१८ मध्ये दाखवले, की मोकळ्या फिरणाऱ्या उंदरात स्वतःहून हालचाल सुरू होण्याच्या किंचित आधी अनेक डोपामिन पेशींची क्रिया वाढते. त्या क्षणी या पेशी प्रकाशाच्या साहाय्याने शांत केल्या तर हालचाल सुरू होण्याची शक्यता घटते, आणि सुरू झालीच तर ती मंद होते. मात्र हालचाल एकदा सुरू झाल्यावर त्याच पेशी शांत केल्या तर चालू हालचालीत फारसा फरक पडत नाही. सॅन होजेच्या रुग्णाशी ताडून पाहावे असे हे निरीक्षण आहे: पेन्सिल हातात आल्यावर, संथपणे का होईना, अक्षरामागून अक्षर उमटत गेले. उंबरठा ओलांडणे अशक्यप्राय, पण ओलांडल्यावर पुढची चार पावले शक्य, ही विषमता कंपवाताच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना चांगली परिचित असते.

हार्वर्ड वैद्यक महाविद्यालयात जॉन असाद यांच्या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग ‘केव्हा’ या प्रश्नाला थेट भिडतो. उंदरांना एक इशारा दिला जाई, आणि त्यानंतर सुमारे सव्वातीन सेकंद स्वतःच्या अंदाजाने थांबून जीभ बाहेर काढली तर बक्षीस मिळे. मधल्या काळात दुसरा कोणताही संकेत नव्हता. त्यामुळे कधी उंदीर लवकर जीभ काढी, कधी उशिरा. या प्रतीक्षेत डोपामिनचा संकेत हळूहळू चढत जाताना दिसला. ज्या फेरीत चढ तीव्र होता त्या फेरीत कृती लवकर झाली, ज्या फेरीत तो मंद होता त्या फेरीत उशिरा. डोपामिन पेशी प्रकाशाने उत्तेजित केल्या तर कृतीचा क्षण अलीकडे सरकला, दाबल्या तर पलीकडे. पण उत्तेजन दिले की तत्क्षणी जीभ बाहेर, असे बटण दाबल्यासारखे घडत नव्हते. प्रत्येक क्षणी कृती सुरू होण्याची जी शक्यता असते, तिच्यात चढ-उतार होत होता.

या एका तपशिलामुळे रुग्णाच्या अवस्थेकडे पाहण्याची दृष्टी बदलते, असे माझे मत आहे. थेंबाथेंबाने भरणारी घागर काठोकाठ भरली की कृती सुरू होते, असे धरले, तर डोपामिन म्हणजे थेंब पडण्याचा वेग. तो वेग अगदी कमी झाला तर घागर कधीतरी भरते, पण त्या दरम्यान गळतीही चालूच असते, आणि भरण्याचा क्षण पुढे पुढे ढकलला जातो. मग थिजलेला माणूस हा कृतीला मनाई असलेला माणूस नसतो. त्याच्या कृतीची वेळ सतत लांबणीवर पडत असते. ‘सुरू होणे’ आणि ‘केव्हा सुरू होणे’ हे दोन स्वतंत्र बिघाड मानण्याची सवय पाठ्यपुस्तकांत आहे. या दृष्टीने ते एकाच राशीचे दोन मुक्काम ठरतात. वेळेच्या जाणिवेचा पुरावाही याला पूरक आहे. चारा मलापानी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये कंपवाताच्या रुग्णांना ८ आणि २१ सेकंदांचे कालावधी शिकवून ते पुन्हा अंदाजाने मोजायला सांगितले. औषध बंद असताना रुग्णांनी लहान कालावधी लांबवला आणि मोठा आखडता घेतला, जणू दोन्ही एकमेकांकडे ओढले गेले. औषधाने हा दोष सुधारला. स्नायूंच्या मंदपणाने केवळ उशीरच झाला असता. मोठा कालावधी लवकर संपला नसता. म्हणजे बिघाड हातात नव्हता, मोजणाऱ्या यंत्रणेत होता. सेकंदाच्या अंशांतील नेमकेपणा मात्र बराचसा अनुमस्तिष्काच्या, म्हणजे मागच्या लहान मेंदूच्या, अखत्यारीत येतो, आणि ते या रुग्णांत विषापासून सुरक्षित होते.

येथे एक उपप्रश्न उद्भवतो. बोलता न येणाऱ्या माणसाला लिहिता कसे आले? याचे उत्तर मी तर्क म्हणूनच मांडतो. बाहेरच्या संकेतावर सुरू होणारी कृती आणि आतून स्फुरणारी कृती यांचे मार्ग काहीसे वेगळे आहेत. हाजिमे मुशियाके, मासाहिको इनासे आणि जुन तांजी यांनी १९९१ मध्ये माकडांत दाखवले, की स्मरणातून क्रमाने कळा दाबताना बाह्यकातील पूरक चालक क्षेत्र अधिक जागे असते, तर दिव्याच्या खुणेवर त्याच कळा दाबताना पूर्वचालक क्षेत्र अधिक जागे असते. पूरक चालक क्षेत्र हे बेसल गँग्लियाकडून थॅलॅमसमार्गे येणाऱ्या संदेशांचे एक महत्त्वाचे ठिकाण असल्याने डोपामिन गेल्यावर आतून स्फुरणाऱ्या कृतीला जास्त फटका बसतो. जमिनीवर आडव्या रेघा आखल्या की पाय जखडलेला रुग्ण त्या ओलांडत चालू लागतो, याचे स्पष्टीकरण बहुधा यातच आहे. हातात ठेवलेली पेन्सिल आणि समोरचा कोरा कागद यांनी तशा रेघेचे काम केले असेल, हे संभवनीय वाटते. बाहेरचा संकेत बाह्यकापर्यंत पोहोचण्याची एक पर्यायी वाटही अलीकडे स्पष्ट झाली आहे. हिदेहिको इनागाकी, कारेल स्वोबोडा आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये उंदरांत दाखवले, की ‘आता’ असा आवाज झाल्यावर मध्यमेंदूतील काही पेशी थॅलॅमसमार्गे चालक बाह्यकाला संदेश देतात आणि तेथील क्रिया नियोजनाच्या अवस्थेतून अंमलबजावणीच्या अवस्थेत जाते. हा दुवा रोखला तर आराखडा तयार असूनही उंदीर इशाऱ्यावर कृती सुरू करू शकत नाही.

औषधाने उलटलेले चित्र

लँगस्टन यांच्या रुग्णांना लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत ज्याचे डोपामिन बनते ते औषध, देण्यात आले आणि त्याचा परिणाम विलक्षण झाला. थिजलेली माणसे हलू-बोलू लागली. लेव्होडोपा कंपवातात उपयोगी पडते हे १९६० च्या दशकातच सिद्ध झाले होते, त्यामुळे औषध नवे नव्हते. परंतु सुरुवात कशी होते या प्रश्नाच्या दृष्टीने या सुधारणेत एक कोडे दडलेले आहे. वर सांगितल्याप्रमाणे कृतीच्या आधीच्या नेमक्या क्षणी डोपामिन वाढणे महत्त्वाचे असेल, तर तासन्‌तास रक्तात राहणारी गोळी तो क्षण कोठून आणणार? गोळीला घड्याळ नसते.

याचे उत्तर असे दिसते, की डोपामिनची कामगिरी दोन थरांवर चालते. एक संथ थर आहे, जो स्ट्रायटमची सर्वसाधारण सज्जता ठरवतो, आणि दुसरा क्षणिक थर आहे, जो एखाद्या कृतीपूर्वी उसळतो. गोळी पहिला थर भरून काढते. तो भरला की बाह्यकाकडून येणारे, मुळातच वेळेवर येणारे, संदेश पुन्हा परिणामकारक होतात. घागरीच्या भाषेत, थेंब पाठवणारे अनेक जण आहेत. डोपामिन परतले की त्यांचे थेंब वाया जात नाहीत.

पण ही भरपाई कामचलाऊ आहे, आणि ते या रुग्णांत फार लवकर उघड झाले. नेहमीच्या कंपवातात जे दुष्परिणाम बहुधा काही वर्षांनी दिसतात, ते यांच्यात अल्पावधीतच दिसू लागले. औषधाचा अंमल असताना हात, मान, धड यांच्या अनैच्छिक, वळवळत्या हालचाली होत, आणि अंमल उतरला की माणूस पुन्हा जखडला जाई. एकाच शरीरात, एकाच दिवसात, सुरुवातीच्या यंत्रणेची दोन्ही टोके पाहायला मिळत होती: कधी इच्छा असून हालचाल नाही, तर कधी इच्छा नसताना हालचाल. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग हाच आहे. केवळ थिजलेपण पाहिले असते, तर डोपामिन हे हालचालीचे इंधन आहे असे म्हणून विषय संपला असता. परंतु इंधन जास्त झाले म्हणून गाडी चालकाविना रस्त्यावर निघत नाही. डोपामिन हे उंबरठ्याची उंची ठरवणारे द्रव्य आहे, असे मानले तर दोन्ही टोके एकाच नियमात बसतात. उंबरठा फार उंच झाला की हेतूही ओलांडू शकत नाही. फार खाली आला की मेंदूतील नेहमीचा, हेतूविना चाललेला गोंगाटही तो ओलांडतो. दोन्ही टोके इतक्या लवकर का दिसली, याचेही कारण सापडते. नेहमीच्या कंपवातात पेशी वर्षानुवर्षे हळूहळू कमी होतात, आणि उरलेल्या पेशी औषधातून बनलेले डोपामिन साठवून ठेवून गरजेप्रमाणे सोडण्याचे काम काही काळ करू शकतात. येथे ती मधली फळी जवळजवळ एका फटक्यात गेली. त्यामुळे मेंदूतील डोपामिनची पातळी रक्तातील औषधाच्या पातळीबरोबर झोके घेऊ लागली.

पुढे काय झाले

या गटातील तिघांच्या मेंदूंची मृत्यूनंतर झालेली तपासणी लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. विष घेतल्यानंतर ३ ते १६ वर्षे उलटून गेली होती, तरीही सबस्टॅन्शिया नायग्रात पेशींचा ऱ्हास चालू असल्याच्या आणि दाहाच्या खुणा होत्या. ते विष तेथे केव्हाच उरले नव्हते. कंपवाताची ओळख मानल्या जाणाऱ्या लेवी पिंडिका, म्हणजे पेशींच्या आत साचलेले प्रथिनांचे गोळे, मात्र सापडल्या नाहीत. म्हणून हे रुग्ण म्हणजे नेहमीचा कंपवातच होय, असे समीकरण मांडणे चूक ठरेल. सुरुवातीच्या यंत्रणेविषयी त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष डोपामिनच्या अभावाला लागू आहेत. कंपवातात त्याखेरीज इतर अनेक केंद्रकेही बिघडतात, आणि चालताना पाय जखडण्यासारखी काही लक्षणे लेव्होडोपाला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत.

गटातील दोघांवर स्वीडनमधील लुंड येथे भ्रूणाच्या मध्यमेंदूतील डोपामिन पेशींचे रोपण करण्यात आले, आणि १९९२ मध्ये त्याचा वृत्तांत आला. रोपणानंतरच्या दोन वर्षांच्या आसपासच्या काळात दोघांच्या हालचालीत लक्षणीय सुधारणा झाली आणि मेंदूच्या प्रतिमांमध्ये रोपण केलेल्या ठिकाणी डोपामिन बनवण्याची क्षमता वाढलेली दिसली. त्या नव्या पेशी त्यांच्या नैसर्गिक जागी, सबस्टॅन्शिया नायग्रात, ठेवल्या नव्हत्या. त्या थेट स्ट्रायटममध्ये सोडल्या होत्या. केव्हा उसळावे हे सबस्टॅन्शिया नायग्रातील पेशींना मेंदूच्या इतर भागांकडून कळवणारे जे मार्ग असतात, ते या पाहुण्या पेशींपर्यंत तसे पोहोचत नाहीत. तरीही हालचाल सुधारली, आणि ती गोळीच्या तासांबरोबर चढणारी-उतरणारी नव्हती. क्षणाची बातमी नसलेल्या पेशींनी केवळ अखंड, स्थिर पुरवठा करून उंबरठा जागेवर आणला होता. क्षण निवडण्याचे काम उरलेल्या मेंदूने केले.